शिवणीतलं कापड संपलं तेव्हा

१२ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद तुला नको असतील, पण थोरलेपणाचा माझा हक्क आहे म्हणून आधी तोच लिहिते. घे, नाहीतर कोपऱ्यात ठेवून दे.

हे पत्र समेटाचं नाही, हे आधीच सांगून टाकते. तुझ्या नवऱ्यानं, मास्तरांनी, माझ्या धाकट्या मुलाच्या लग्नात शिवून दिलेल्या कोटाचा डावा खांदा पडलेला होता. तेव्हा मी चारचौघांत म्हणाले, आजही म्हणते. त्यावरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस, ती तुझी मर्जी. मी लिहितेय ते वेगळ्याच कारणानं. परवा तुझ्या लेकीचा फोन आला. म्हणाली, आईचं पोट गेले काही महिने फुगलेलंच असतं. दोन घास खाल्ले की ताट सरकवते. चेहरा ओढल्यासारखा झालाय. विचारलं की म्हणते गॅस आहे, वय झालं. आणि डॉक्टरचं नाव काढलं की तू म्हणे भांडी आपटतेस.

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद मध्येच कापता येत नाही, आणि फाडायचा झाला तरी आधी उघडावा लागतो.

तर धाकटे, तू डॉक्टरकडे जा. एवढंच सांगायचं होतं. पत्र इथंच मिटवलं असतं, पण तुला मी ओळखत नाही होय? सांगितलेलं ऐकशील तर शपथ. म्हणून आमच्या घरात काय झालं ते सांगते. ते ऐकून तुझं तू ठरव. आणि खरं सांगू, ते सांगितल्याशिवाय मला राहवतही नाहीये. रोज कुणाला तरी धरून सांगते. दूधवाल्याला तीनदा सांगून झालं. हल्ली तो बाटल्या दाराबाहेर ठेवून पळतो.

माझी नात तुला आठवते का? तू पाहिलीस तेव्हा रांगत होती. आता आमच्या दुकानात कापणीच्या टेबलाशी ती उभी असते. आपल्या घराण्यात कातर हातात घेणारी पहिली मुलगी. तू, मी, सगळ्याजणींनी जन्मभर काजं केली, बटणं लावली, तुरपाई केली. कापड कापायचं ते पुरुषांनी. हिनं बापाला सरळ सांगितलं, मी कापणार. आमची टाचणी म्हणतात तिला सगळे. बारीक, सरळ, आणि चुकून हात लावला तर टोचणारी.

तर ह्या टाचणीचं पोट वाढायला लागलं आणि शिंप्यांनी भरलेल्या घरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. का आलं नाही ते ऐक. दुसऱ्या कुठल्याही घरात आलं असतं.

आपली जुनी रीत तुला ठाऊक आहे. दाराशी दुरुस्तीचा खिळा. घरातल्या कुणाचं काही फाटलं, घट्ट झालं, की त्यानं ते खिळ्याला अडकवायचं आणि ज्याचा हात मोकळा असेल त्यानं करून टाकायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. टाचणीनं आपली कामाची पॅन्ट अडकवली. कमरेत घट्ट होती. मी शिवण उसवली, आत दुमडून ठेवलेल्या मायेतलं थोडं कापड सोडलं, टीप मारली, झालं. काही आठवड्यांनी ती पुन्हा खिळ्यावर. तेव्हा माझ्या मुलानं सैल केली. मग एकदा सूनबाईनं. मधेच एकदा टाचणीनं स्वतःच. दुसऱ्यांच्या घरी कपडे होईनासे झाले की नवे घ्यावे लागतात, मग कुणीतरी विचारतं, अगं झालं काय तुला? आमच्याकडे प्रत्येकानं अर्धा इंच सोडला आणि गप्प बसला. काखेत कळसा तो हाच बघ.

मग एके दिवशी दुपारी मी पुन्हा तीच पॅन्ट घेतली, शिवण उसवली आणि पाहते तर आत सोडायला कापडच नाही. माया संपलेली. आपल्या दुकानात दीड इंचाची माया ठेवतात, इतर शिंपी आपल्याला उधळे म्हणतात त्यावरून. ती सगळी संपली? मी तिथूनच ओरडून विचारलं, ही कुणी सैल केली? मुलगा म्हणाला मी. सूनबाई म्हणाली मी पण. मी टेप घेतला आणि टाचणीला म्हटलं, ये इकडे, सरळ उभी राहा.

धाकटे, आयुष्यभर लोकांची मापं घेतली, पण त्या दिवशी तेच माप मी दोनदा घेतलं. कंबर वाढलेली आणि दंड उतरलेले. छाती उतरलेली. जाड होणारं माणूस असं एका जागी जाड होत नाही, हे तुला मी काय सांगू.

सूनबाईनं ते माप पाहिलं आणि खुर्चीत बसली. तिच्या मनात काय आलं ते तुझ्याही मनात आलं असेल. बिनलग्नाची पोर आणि पोट. तिला विचारताही येईना. शेवटी टाचणीच म्हणाली, "आई, तसलं काही नाही. तसं असतं तर तुला आधी सांगितलं असतं, तू असं तोंड केलं नसतंस तर."

मग एकेक बाहेर यायला लागलं. थोडं खाल्लं की पोट भरतं. सारखं लघवीला जावं लागतं, म्हणून ही पाणीच कमी प्यायला लागलेली. उजवीकडे खाली बारीक ठणका, तो टेबलावर वाकून कापल्यामुळे असेल असं तिनं ठरवून टाकलेलं. पाळीत आधीपेक्षा जास्त दुखतं, ते सगळ्यांचंच दुखतं. बघ, प्रत्येक गोष्टीला एक उत्तर होतं. वेगवेगळी चार उत्तरं होती म्हणून कुणालाच प्रश्न दिसला नाही.

सूनबाईचं म्हणणं, थांबून बघू, शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर आहे, आणि आत्ता कुठे दोन ठिकाणांहून लग्नाची विचारणा आलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, मूठ झाकता येते गं, पोट कसं झाकशील.

दुसऱ्या दिवशी गेलो. बायकांची डॉक्टर, बाईच आहे, माझ्या लेकीच्या वयाची. आधी टाचणीला पाणी प्यायला लावलं, प्यायला लावलं, आणि लघवी रोखून बस म्हणाले, पोटावरून बघायचं तर म्हणे मूत्राशय भरलेलं लागतं. बाहेर पोर पायावर पाय घालून बसलेली आणि आत आमच्याआधीची बाई निघता निघेना. टाचणी दात आवळून मला म्हणाली, आजी, मला हसवू नकोस. मी एक अक्षर बोललेले नव्हते.

सोनोग्राफीत दिसलं. उजव्या अंडाशयावर गाठ. गाठ म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी, मोठ्या संत्र्याएवढी. सूनबाईनं पदर समजून डोळ्याला टाचणीचाच रुमाल लावला. डॉक्टरनं तिला बसवलं आणि समजावलं. म्हणाली, पाळी येते त्या वयात अशा लहान पिशव्या पुष्कळ बायकांना होतात, दर महिन्याच्या चक्रात होतात आणि आपोआप जिरून जातात. बहुतेकींना कळतही नाही. अशांना आम्ही हातही लावत नाही, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघतो. पण ही मोठी आहे, जुनी आहे आणि त्रास देतेय, तर ही काढू. तारीख दिली. आणि मग टाचणीकडे बघून सावकाश म्हणाली, "तोवर एक लक्षात ठेव. अचानक जोरात दुखायला लागलं, उलटी झाली, ताप आला किंवा चक्कर आली, तर तारखेची वाट बघायची नाही. पिशवीच्या वजनानं अंडाशयाला पीळ पडू शकतो. तेव्हा सरळ इकडे."

मी म्हणाले, बटणाच्या दोऱ्याला पीळ पडतो तसं. डॉक्टर म्हणाली, अगदी तसं, आणि पीळ राहिला तर रक्त पोचत नाही. माझं उदाहरण तिनं उचललं, हे उगाच लिहीत नाहीये, झालं तसं लिहितेय.

आणि तारखेच्या आधीच तसं झालं. दिवसाढवळ्या, दुकान भरलेलं. टाचणी कापणीच्या टेबलाशी, समोर गडद निळं कापड, दोन गिऱ्हाइकं. एकदम वाकली. उलटी झाली. आता बघ, जो तो धावला आणि जो तो वैद्य. एक म्हणे पाणी दे, एक म्हणे आडवी कर, इस्त्रीवाला म्हणे कपडा तापवून पोटाला लाव, सूनबाई म्हणे थोडं थांबून बघू. मीही, धाकटे, मीही क्षणभर तेच म्हणणार होते. पोरीनं कातर आडवी ठेवली. पाती मिटून, जशी रीत आहे तशी. आणि बापाला म्हणाली, "पीळ पडलाय. मला आडवी करू नका, गाडीत घाला."

रडली नाही. विनवलं नाही. गिऱ्हाइकाला सांगितलं, तुमचं कापड कापलेलं नाही, उद्या बाबा कापतील.

त्याच संध्याकाळी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पीळ सोडवला, पिशवी काढली, अंडाशय वाचलं. डॉक्टर म्हणाली, उशीर केला असता तर काढून टाकावं लागलं असतं. तिनं स्वतः ओळखलं म्हणून वाचलं. आता तू सांग, मी दूधवाल्याला सांगू नको तर काय करू?

पत्र लांबलं. चौथीपर्यंतची शाळा, त्यात हे एवढं लिहिलं, बोटं आखडली. तुझ्या पोटाचं बघ. तुझं शिवणाचं मशीन अजून कोपऱ्यात आहे. कुणी वापरत नाही. मी फक्त तेल घालते, गंजलेलं लोखंड घरात बरं दिसत नाही म्हणून.

तुझी थोरली

२९ जानेवारी

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तू लेकीला सांगितलंस आणि तिनं मला फोनवर सांगितलं, तेही तुझ्याच सुरात, त्यामुळे नाक मुरडल्याचंही ऐकू आलं. "ताईला सांग, माझी पाळी जाऊन युगं लोटली. तरण्या पोरींची दुखणी मला चिकटवू नको."

मला राग आला नाही. कारण मलाही अगदी हेच वाटलं होतं. दुकानच बंद झालं तर माल कुठून येणार. पण टाचणीला टाके दाखवायला गेलो तेव्हा मी डॉक्टरला विचारलंच. म्हटलं, माझी एक ओळखीची आहे, पाळी जाऊन वर्षं झाली, पोट फुगतं तर गॅस म्हणते, तिला ह्या वयात कुठलं असलं काही होणार. तुझं नाव काढलं नाही, उगाच तुला उचकी नको.

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसली. बाकी सगळ्यांशी ती लिहिता लिहिता बोलते, हे मी बघून ठेवलंय. म्हणाली, आजी, उलट आहे. पाळी चालू असताना येणारी पिशवी बहुतेकदा पाहुणी असते, येते आणि जाते. पाळी गेल्यावर आली तर तिला विचारावं लागतं, बाई, तू कशासाठी आलीस. म्हणजे ती वाईटच असेल असं नाही, पुष्कळदा साधीच निघते. पण अंदाजावर सोडायची नाही, बघायलाच हवी. पोट फुगलंय आणि उतरत नाही, भूक मेलीय, चार घासांत पोट भरतं, सारखं लघवीला होतं, ओटीपोटात दुखतं, वजन उतरतंय, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, ह्यातलं काहीही आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर तिला आणा. मग म्हणाली, तुमची ओळखीची कशाला गॅस म्हणतेय? मी म्हटलं, स्वभाव. 

आता तुझ्या लेकीनं सांगितलेलं आणि डॉक्टरनं सांगितलेलं मी शेजारी शेजारी ठेवते. ठेवायचीसुद्धा गरज नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला.

बरं, टाचणीचं पुढचं ऐक, म्हणजे तुला कळेल मी एवढी का फुगलेय. माझं फुगणं वेगळं, त्याला डॉक्टर लागत नाही.

घरी आल्यावर सूनबाईनं सगळ्यांना सांगितलं होतं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणायचं. आम्ही सगळे शहाण्यासारखे अपेंडिक्स म्हणत होतो. टाचणी दुकानात पहिल्यांदा उतरली, जड उचलायचं नाही म्हणून स्टुलावर बसली. आमच्याकडे काजं-बटणं करणाऱ्या बायकांनी विचारलं, काय गं, अपेंडिक्स ना? तर ही म्हणाली, नाही, अंडाशयावर गाठ होती. मोठ्यानं. भर दुकानात. माझा मुलगा, चाळिशी उलटलेला बाप्या, एकदम खाली वाकून खडू शोधायला लागला. खडू त्याच्या कानावर होता. इस्त्रीवाल्यानं गार इस्त्री फिरवली. आणि टाचणीनं कापडाच्या तुकड्यावर खडूनं काढून दाखवलं, हे गर्भाशय, ह्या दोन बाजूंना ही दोन, आणि ही पिशवी इथे. कशानं दुखलं, कुठे दुखलं, कधी धावत जायचं आणि कधी उगाच घाबरायचं नाही, सगळं. बायकांच्या सुया हातातल्या हातात थांबल्या होत्या.

एकदा कुणी बोललं की पुढचं आपोआप होतं बघ. दोघी-तिघी दुपारी तिला गाठून हळूच बोलल्या. एकीला तर महिनोन्महिने रक्त जास्त जातंय आणि ती बिचारी जाड कापडाचे गडद रंगच निवडत होती. ती परवा डॉक्टरकडे जाऊन आली. 

अर्थात सगळ्याच शहाण्या नसतात. गणवेशांचं काम आणणारी बाई तुला आठवत असेल, उचलली जीभ की लावली टाळ्याला. ती सूनबाईच्या कानाशी लागली, आता पोरीचं कसं होणार, कोण करून घेणार, मूलबाळ होईल का. टाचणी तिथेच होती. म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्यात, दोन्ही अंडाशयं जागेवर आहेत, मूल होण्यात ह्याची अडचण दिसत नाही. माझ्या पोटातलं निघालं, काकू. तुमच्या पोटात मात्र काही राहत नाही."

सूनबाई हसली. आधी तिनं तोंड दाबलं, मग हसली. आणि संध्याकाळी ती स्वतः कुणाला तरी फोनवर सांगताना मी ऐकलं, अपेंडिक्स नव्हतं हो, अंडाशयाची गाठ होती, आमच्या मुलीनं वेळेत ओळखलं. आमच्या मुलीनं. मी भिंतीआड उभी राहून ते पुन्हा ऐकायला मिळतंय का बघत होते.

लग्नाच्या दोन विचारणांपैकी एक गप्प झाली. गप्प झाली ते बरं. दुसऱ्यांनी तब्येत विचारायला माणूस पाठवला.

तू कधी जाणार? मला तारीख हवी. मी तुझी थोरली आहे, मला तारीख मागता येते.

११ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड आलं. तुझं अक्षर तसंच आहे, डावीकडे झुकलेलं. मी ते उभ्यानंच वाचलं.

तुझ्या गावात बाई डॉक्टर नाही, आहे तो कालचा पोरगा, त्याच्यापुढे झोपायची लाज वाटते, असं तू लिहिलंस. हे लिहायला तुला किती जड गेलं असेल ते मला समजतं. म्हणून मी हसले नाही. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंस की डाव्या बाजूला हाताला काहीतरी लागतं. ते वाक्य मी घरात कुणाला वाचून दाखवलं नाही. फक्त टाचणीला दाखवलं.

तिनं दुसरा प्रश्न केला नाही. म्हणाली, आजी, मी जाऊन घेऊन येते. डॉक्टरनं तिला प्रवासाला परवानगी दिलीय, मी विचारून घेतलं. शनिवारी सकाळच्या बसनं ती तुझ्याकडे येतेय. तुझ्या मास्तरांना सांगून ठेव. काही बोलले तर म्हणावं, टाचणी आहे, जपून.

ती तुझ्याबरोबर आत येणार आहे. डॉक्टर बाईच आहे. पडदा असतो, अंगावर चादर असते, जेवढं लागेल तेवढंच बाजूला करतात आणि आधी विचारतात. तुला नको वाटलं तर नको म्हणता येतं. हे सगळं टाचणीनंच सांगायला सांगितलंय. सैल कपडे घाल. आधीचे काही कागद, औषधं असतील ती घेऊन ये. गॅसच्या गोळ्यासुद्धा घे, डॉक्टरला दाखवू किती खाल्ल्यास ते.

वाटेतच जोरात दुखायला लागलं तर तिला तिथल्या तिथे सांग. बसमध्ये तमाशा नको, असा विचार करू नकोस. बस थांबते. 

मला कसली काळजी नाही. पुढची खोली झाडून घेतली. मग पुन्हा झाडली. तुझ्यासाठी खाट खिडकीजवळ लावली होती, वारा येईल म्हणून आत घेतली, मग उजेड येत नाही म्हणून पुन्हा खिडकीजवळ नेली. मुलगा म्हणाला, आई, खाट आता स्वतःच चालायला लागेल.

इथे आल्यावर माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. नुसती ये.

६ मार्च, दवाखान्यातल्या बाकावर

धाकटे,

तू आत आहेस आणि मी बाहेर बसून तुलाच पत्र लिहितेय. एका छपराखाली तीन आठवडे राहिलो, तेव्हा लिहायची गरज नव्हती. पण तोंडावर काही सांगायला गेलं की तू मधेच टोकतेस. कागदावर मला पूर्ण वाक्य मिळतं.

समोरच्या भिंतीवर एक दिवा लागलाय. तो विझला की झालं, असं टाचणीनं सांगितलंय. ती बसली नाहीये, तिकडच्या खिडकीशी उभी आहे. तुझी लेक माझ्या शेजारी आहे. तुझे मास्तर पलीकडच्या बाकावर. सकाळपासून आम्ही दोघं चार वाक्यं बोललो, त्यातली तीन चहाची होती. प्रगती आहे.

आता मी तुला जे सांगणार आहे ते तू शुद्धीवर असताना सांगता येणार नाही, तू म्हणशील पुरे.

त्या दिवशी डॉक्टरसमोर तू बोललीस तसं मी कुणाला बोलताना ऐकलं नाही. आयुष्यभर तू दुखणं गिळलंस. बाळंतपणातसुद्धा उशी चावलीस, पण ओरडली नाहीस. मला वाटलं, आत गेल्यावर तू "काही नाही हो, गॅस" म्हणशील आणि मला टोचून टोचून तुला बोलतं करावं लागेल. मी तयारीत होते. तू खुर्चीत बसलीस, पर्स मांडीवर ठेवलीस आणि सुरू झालीस. पोट कधीपासून, भूक कधीपासून, लघवीला किती वेळा, वजन किती उतरलं. आणि मग, बाईगं, दोनदा रक्त दिसलं होतं, हेही. ते तर तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. तुझी लेक तुझ्याकडे बघतच राहिली.

सोनोग्राफी झाली, रक्त दिलं. डॉक्टरनं सांगितलं, डाव्या बाजूला पिशवी आहे, आतून सगळी पाण्याची नाही, काही भाग घट्ट आहे, म्हणून ती काढायला हवी. जो शब्द सगळ्यांच्या मनात होता तो कुणी काढेना. मी तर पायातल्या चपलेकडे बघत होते. आणि तू विचारलंस, "कॅन्सर आहे का? असेल तर मला सांगा, ह्यांना बाहेर नेऊन नको."

डॉक्टर म्हणाली, असू शकतो, नसूही शकतो. काढून तपासल्याशिवाय कुणीही सांगितलं तर ते खोटं. पण तुम्ही आलात, ही अर्धी लढाई झाली.

बाहेर आल्यावर तू माझ्याकडे वळून म्हणालीस, चल, चहा पाज. जणू काही बाजारातून आलो होतो. धाकटे, मी तुझा हात धरला तो रस्ता ओलांडायला नव्हे. तुला तसं वाटलं असेल तर वाटू दे. मला तेव्हा एवढा अभिमान वाटला की पाय जमिनीला लागेनात, आणि म्हातारीनं पडू नये म्हणून धरला. माझ्या नातीचा वाटला तेवढाच. नाही, खोटं कशाला लिहू, थोडा जास्तच. ती तरणी आहे, तिला काळ मदत करतो. तू साठी उलटल्यावर सगळ्या जन्माची सवय मोडलीस.

दिवा विझला. थांब.

आता पुन्हा लिहितेय. डॉक्टर बाहेर आली होती. टोपी काढली, कपाळावर वळ उठला होता. म्हणाली, पिशवी अख्खी निघाली, आत फुटली नाही. दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढलं, तुला आधी सांगितलं होतं तसंच. बाकीचं पोट डोळ्यांना स्वच्छ दिसतंय. सगळं तपासायला पाठवलंय, पक्कं उत्तर आठ-दहा दिवसांत. काहीही आलं तरी आपण लवकर पोचलोय, त्यावर उपाय आहेत. तुझी लेक रडली. तुझे मास्तर उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांना रुमाल दिला. चार वाक्यांची पाच झाली.

मग नर्स आली, हातात कागद अडकवलेली पाटी. पेशंटजवळ आत एकीलाच सोडणार म्हणे. लेक उठायला लागली, तर टाचणीनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

नर्सनं विचारलं, तुम्ही कोण लागता? मी उभी राहिले. म्हटलं, सख्खी थोरली बहीण. बोळातली माणसं वळून बघायला लागली, एवढा आवाज निघाला. तिनं लिहिलं. मी म्हटलं, आणखी एक लिहा. ही स्वतः बोलली म्हणून वेळेत सापडलं.

नर्स म्हणाली, आजी, असलं लिहायला ह्या कागदावर जागा नाही.

मी म्हटलं, कडेला असेल.

तिनं पेन उघडलं, कडेला बारीक अक्षरात लिहिलं. मी चष्मा लावून, बरोबर लिहिलंय की नाही ते वाचून घेतलं, आणि मग आत आले.